नवी रोड सायकल अंगाबेताची करून घेताना

आपल्याकडे गावात सायकलची सीट दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतक्या उंचीवर ठेवण्याची रीत आहे. दुधाची कॅन किंवा गवताचा भारा लादून पांदणीने जाताना घडोघडी थांबावे लागते, त्यामुळे त्या सायकलीला ती रीत योग्यच असते. डांबरी रस्त्यावर वेगाने चालवायच्या हलक्या रोड सायकलला तीच रीत लावली, की गुडघे तक्रार करू लागतात. माझी सायकल दुकानदाराने याच पद्धतीने बसवून दिली होती आणि तालुक्यापर्यंत रोज जाऊन-येऊन पंधरा दिवसांत गुडघ्याची वाटी दुखू लागली. सीट चार सेंटिमीटर वर घेतल्यावर दुखणे हळूहळू थांबले. मोठ्या शहरांत कॅमेरे आणि यंत्रे लावून फिटिंग करून देणारे लोक आहेत, परंतु नवशिक्याला लागणारे बहुतेक काम शिंप्याची टेप, गवंड्याचा ओळंबा व पाणसळ, एलन कीचा संच आणि मदतीला एक माणूस एवढ्यावर घरच्या अंगणात होते. क्रम मात्र पाळावा लागतो: आधी सीटची उंची, मग सीटचे पुढे-मागे सरकवणे आणि शेवटी हँडल. हँडलपासून सुरुवात केली, तर सीट हलवताच केलेले सर्व काम पुन्हा करावे लागते.

सायकल अजून घेतली नसेल, तर फ्रेमचे माप आधी तपासावे. एक माप लहान वा मोठी असलेली फ्रेम एखादवेळी सावरून घेता येते, त्याहून चुकीची फ्रेम कोणत्याही फिटिंगने सुधारत नाही. दुकानदाराकडे तेवढाच माल शिल्लक आहे म्हणून चुकीच्या मापाची सायकल घेऊ नये.

आता सीटची उंची. अनवाणी पायांनी भिंतीला पाठ लावून उभे राहावे, जाड पुठ्ठ्याचे रजिस्टर दोन्ही पायांच्या मध्ये धरून सीटवर बसल्यासारखा दाब येईपर्यंत वर ओढावे, रजिस्टरची कड भिंतीला काटकोनात टेकवावी आणि तिच्या वरच्या टोकाशी पेन्सिलची खूण करावी. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतचे अंतर तीनदा मोजून सरासरी घ्यावी. या मापाला ०.८८३ ने गुणले, की क्रँकच्या (पायडल ज्या दांड्याला असते त्याच्या) फिरण्याच्या मध्यबिंदूपासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर मिळते. १९८६ साली टूर द फ्रान्स जिंकणारा अमेरिकी सायकलपटू ग्रेग लेमाँड याच्या नावाने हे सूत्र ओळखले जाते. पायाचे माप ८० सेंटिमीटर असल्यास सीट सुमारे ७०.६ सेंटिमीटरवर येते. क्रँकची लांबी आणि बुटाच्या तळव्याची जाडी हे सूत्र लक्षात घेत नाही, म्हणून हा आकडा केवळ सुरुवातीचा समजावा. त्याची पडताळणी अशी करावी: मदतनिसाने सायकल धरलेली असताना रोजचे बूट घालून सीटवर बसावे, पायडल सर्वात खाली आणावे आणि त्यावर टाच ठेवावी. कंबर एका बाजूला न झुकता गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग पंजा ठेवून पायडल मारताना खालच्या स्थितीत गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला राहतो. पायडल मारताना मागून पाहणाऱ्याला कंबर डावी-उजवी डोलताना दिसली, तर सीट जास्त उंच आहे. सीटपोस्टवर, म्हणजे सीटच्या दांड्यावर, कमीत कमी किती भाग फ्रेमच्या आत हवा याची रेघ असते. ती रेघ बाहेर दिसू लागली, तर तेथेच थांबावे.

यापुढचे काम गवंड्याच्या हत्यारांचे. सायकल ज्या जागेवर उभी आहे ती समपातळीत असल्याची खात्री करून घेतल्याशिवाय पुढची कोणतीही मोजणी करू नये, कारण अंगणाला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेलाच असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. दोन्ही चाकांखालच्या जमिनीवर एक सरळ लाकडी पट्टी ठेवून तिच्यावर पाणसळ लावावी आणि फरक असेल त्या चाकाखाली पुठ्ठा सारावा. त्यानंतर पाणसळ सीटवर लांबीच्या दिशेने ठेवून सीट सपाट करावी. सीटचे टोक वर असल्यास नाजूक भागावर दाब येऊन बधिरता येते. टोक फार खाली गेल्यास शरीर पुढे घसरते आणि सगळा भार तळहातांवर येतो.

सीट पुढे-मागे किती हवी हे ठरवण्यासाठी क्रँक जमिनीला समांतर ठेवावे आणि पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यापासून ओळंबा सोडावा. दोरी पायडलच्या अक्षावरून किंवा त्याच्या किंचित मागून गेली पाहिजे. मी ओळंबा मागायला गेलो तेव्हा शेजारच्या गवंडीबुवांनी तो देताना बजावले होते, "घाई नोका करू, त्याले थांबू द्या, मंग पाहा." डोलत्या ओळंब्यावरून मी पहिल्यांदा सीट सेंटिमीटरभर चुकीच्या बाजूला सरकवली होती, हे येथे कबूल करतो. ही रीत म्हणजे निसर्गनियम नव्हे, सोयीचा आरंभबिंदू आहे. सीट मागे सरकवली, की पायडलपासूनचे अंतरही थोडे वाढते, म्हणून उंची पुन्हा मोजावी.

हँडलच्या बाबतीत नवशिक्याने स्पर्धकांची छायाचित्रे पाहून नक्कल करू नये. ब्रेकच्या रबरी मुठींवर हात ठेवल्यावर कोपर किंचित वाकलेले आणि खांदे सैल असावेत. हँडलची उंची सुरुवातीला सीटच्या बरोबरीने किंवा फार तर दोन-तीन सेंटिमीटर खाली ठेवावी. त्यासाठी स्टेमखालचे (स्टेम म्हणजे हँडल धरून ठेवणारा आडवा तुकडा) स्पेसर, म्हणजे उंची वाढवणाऱ्या चकत्या, कमी-जास्त करता येतात. हात ताणले जात असतील, तर दहा मिलिमीटर आखूड स्टेम लावावा. हात ताणले जातात म्हणून सीट पुढे ओढणे ही सर्वात सामान्य चूक आहे, कारण त्यामुळे गुडघ्याचे जुळवलेले गणित बिघडते. स्टेम पुन्हा बसवताना आधी वरच्या टोपीचा बोल्ट हलकेच आवळून खेळ, म्हणजे ढिलेपणा, काढावा आणि नंतर स्टेमच्या बाजूचे बोल्ट घट्ट करावेत. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवल्यावर 'टक' असा आवाज येता कामा नये. बोल्ट किती आवळायचा याचा आकडा बहुधा त्या भागावरच छापलेला असतो, स्टेमवर अनेकदा ५ न्यूटन-मीटर. कार्बन फायबरच्या भागांना टॉर्क पान्याखेरीज (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याखेरीज) हात लावू नये. ट्रॅक्टरचे नट आवळण्याचा सराव असलेल्या हाताला हा जोर हास्यास्पद वाटतो, पण कार्बन तडकण्यापूर्वी सूचना देत नाही.

त्यानंतर दहा-पंधरा किलोमीटरची फेरी मारावी आणि पाने सोबत ठेवावेत. एका वेळी एकच गोष्ट, तीही तीन ते पाच मिलिमीटरच बदलावी आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर पुढचा निर्णय घेऊन सर्व वहीत तारखेसह लिहावे. गुडघा पुढून दुखत असेल, तर सीट बहुधा खाली किंवा फार पुढे असते. मागच्या बाजूने दुखत असेल, तर ती उंच किंवा फार मागे असते. मान अवघडत असेल, तर हँडल दूर किंवा खाली आहे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा पोटरीत येणारे गोळे फिटिंगचा दोष नसून अंगातले पाणी आणि मीठ कमी झाल्याचे लक्षणही असू शकतात; म्हणून चाचणीच्या फेऱ्या सूर्य उगवण्यापूर्वी उरकाव्यात. सगळे बदल करूनही दुखणे महिनाभर टिकले, तर डॉक्टरांना दाखवून मगच शहरातील फिटर गाठावा.

हाताला मुंग्या येण्याचे कारण कधीकधी टायरमध्येही असते. गावातल्या सिमेंट रस्त्यांचे सांधे आणि गतिरोधक टणक टायरमधून थेट मनगटात पोहोचतात. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी हवा भरलीच पाहिजे असे नाही. बहुतेक रोड सायकलींचा व्हॉल्व्ह बारीक प्रेस्टा प्रकारचा असतो आणि पंक्चरच्या दुकानातील नळी त्याला बसत नाही, म्हणून पितळी अडॅप्टर सीटखालच्या पिशवीत कायम ठेवावा.

क्लीटचे, म्हणजे पायडलमध्ये अडकणारे, बूट पहिल्या काही महिन्यांत टाळावेत. उंची पक्की झाल्यावर सीटपोस्टवर इन्सुलेशन टेपची एक वळी गुंडाळावी आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत. सायकल गाडीत घालून परतवाड्यापर्यंत नेण्यासाठी सीटपोस्ट काढावा लागतो. सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याचा घाट चढायला निघण्यापूर्वी तो त्या टेपपर्यंत आत सरकवला, की घरच्या अंगणात ठरलेली उंची घाटाच्या पायथ्याशीही तशीच मिळते.