रंगभूमी आणि रुपेरी पडदा : अभिनेत्रीचा चरित्रलेख कसा लिहावा

नाटक आणि चित्रपट या दोन्ही माध्यमांत वावरलेल्या अभिनेत्रीवर लिहायला बसले की हाताशी पहिल्यांदा येते ती चित्रपटांची यादी. चित्रपटाची निदान श्रेयनामावली तरी कुठेतरी टिकून असते; नाटकाचा प्रयोग मात्र पडदा पडला की संपतो. त्यामुळे वीस वर्षांची रंगभूमी एका वाक्यात उरकून उरलेला लेख चित्रपटांनी भरला जातो. हे टाळायचे असेल, तर शोधाची सुरुवात नाटकांपासूनच करावी.

त्यासाठी सर्वांत उपयोगी साधन म्हणजे नाटकाचे छापील पुस्तक. मराठी नाटकांच्या पुस्तकांत सुरुवातीच्या पानांवर बहुधा शुभारंभाच्या प्रयोगाची तारीख, नाट्यगृह, निर्मिती संस्था, दिग्दर्शक आणि भूमिकांसमोर कलावंतांची नावे दिलेली असतात. शक्य तर पहिली आवृत्ती मिळवावी आणि ते पान जसेच्या तसे उतरवून घ्यावे. मात्र ही नावे शुभारंभाच्या संचाची असतात, हे विसरू नये. पुढे रिप्लेसमेंट म्हणून उभी राहिलेली अभिनेत्री त्या पानावर सापडत नाही. तिच्यासाठी ग्रंथालयातील जुन्या वृत्तपत्रांच्या फायली काढून नाटकांच्या जाहिराती चाळाव्या लागतात. या कामाला वेळ लागतो, पण दुसरा मार्ग नाही. जाहिरातीवरही पूर्ण भिस्त ठेवू नये, कारण जाहीर झालेला प्रत्येक प्रयोग होतोच असे नाही.

‘ती फुलराणी’ (१९७५) म्हटले की भक्ती बर्वे आठवतात, आणि ते योग्यच आहे. परंतु या नाटकातील नायिकेची ती भूमिका पुढे इतर अभिनेत्रींनीही केली. म्हणून प्रयोगसंख्या देताना ती नाटकाची आहे की त्या अभिनेत्रीने स्वतः केलेल्या प्रयोगांची, हे स्पष्ट लिहावे. संख्येची खात्री नसेल तर ती गाळावी. ‘विक्रमी प्रयोग’ असे लिहून वेळ मारून नेऊ नये.

दोन्ही माध्यमांतील एकच भूमिका हाती लागली, तर तिच्यावर मनसोक्त रेंगाळावे. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधील बेणारे ही भूमिका सुलभा देशपांडे यांनी १९६७ मध्ये रंगमंचावर केली आणि १९७१ च्या चित्रपटातही केली. अशा ठिकाणी प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचा आवाज कॅमेऱ्यापुढे कसा बदलतो, हे समकालीन परीक्षणे आणि चित्रपट समोर ठेवून लिहिता येते. वीस भूमिकांच्या नुसत्या नावांपेक्षा असा एक परिच्छेद वाचकाला अधिक देतो, असे माझे मत आहे.

नावांचा गोंधळ आधीच निस्तरावा. रीमा लागू यांचे मूळ नाव नयन भडभडे आणि हंसा वाडकर यांचे रतन साळगावकर. केवळ रूढ नावाने शोध घेतला, तर सुरुवातीची कामे निसटू शकतात. चित्रपटांच्या यादीत भाषाही नोंदवावी : ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत तयार झाला, तेव्हा दुर्गा खोटे यांच्या नावावर दोन स्वतंत्र कथानकांचे चित्रपट दाखवणे चुकीचे ठरेल. पुरस्कारांच्या बाबतीत कोणत्या वर्षासाठीचा पुरस्कार आणि सोहळा कधी झाला, या दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये.

आत्मचरित्र उपलब्ध असेल तर ते अवश्य वाचावे, पण त्यातील तारखा अन्य साधनांशी ताडून पाहाव्यात, कारण ते आठवणींतून लिहिलेले असते. हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मचरित्रावर ‘भूमिका’ (१९७७) हा चित्रपट आधारलेला आहे. त्यात स्मिता पाटील यांनी साकारलेली नायिका उषा ही पटकथेतील व्यक्ती आहे, त्यामुळे पडद्यावरचा प्रसंग हंसाबाईंच्या आयुष्यातला म्हणून परस्पर चरित्रात घालू नये. खाजगी आयुष्याविषयी एवढेच, की विवाह, आजारपण किंवा मातृत्व यांमुळे कामात खंड पडला असेल तरच त्याचा उल्लेख करावा, आणि तोही चवीने नव्हे.

लेखाचा पहिला परिच्छेद सर्वांत शेवटी लिहावा. सगळी नोंद कालक्रमाने मांडल्यावरच या अभिनेत्रीची ओळख मुळात रंगभूमीची आहे की पडद्याची, हे ठरवता येते, आणि ते पहिल्याच वाक्यात यायला हवे.