अल्टरनेटर मागवण्याआधी: बॉक्स्टरवाल्यांनो, या चुका टाळा

महिन्यातून एकदा तरी फोन येतोच. "काका, बॅटरीचा लाल दिवा लागलाय, अल्टरनेटर मागवू का?" अल्टरनेटर म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज बनवणारा, बॅटरी चार्ज करणारा भाग. मीटर लावलास का, असं विचारलं की पलीकडे शांतता. जुनी पोर्श बॉक्स्टर घ्यायला लोकांकडे पैसे असतात, साध्या मल्टिमीटरला नसतात. माझ्याकडे ९८७ (म्हणजे बॉक्स्टरच्या दुसऱ्या) पिढीची गाडी आहे, तेव्हा जे सांगतोय ते त्या गाडीवर हात काळे करून.

पहिली चूक हीच. न मोजता पार्ट बदलायचा. ओळखीतल्या एकाची गाडी सकाळी झटकन चालू व्हायची, पण तापलेली असताना पेट्रोल भरून निघायचं म्हटलं की स्टार्टर कण्हायचा. गॅरेजने आधी नवी बॅटरी घातली. पंधरा दिवसांत पुन्हा तेच, म्हणून नवा अल्टरनेटर. मग तिसऱ्यांदा बॅटरी उतरली तेव्हा गाडी माझ्या दारात आली. इंजिन चालू, दिवे, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं लावलं. बॅटरीवर १२.५ व्होल्ट, म्हणजे चार्जिंग नाहीच. इथेच सगळे अल्टरनेटरला दोषी धरून मोकळे होतात. मी सीटमागची झाकणं काढून थेट अल्टरनेटरच्या जाड बोल्टवर मीटर लावला. १४.३! बिचारा इमानेइतबारे काम करत होता, वाटेत कुठेतरी १.८ व्होल्ट गळत होते. अर्ध्या व्होल्टपर्यंत मी चालवून घेतो, त्यापुढे नाही.

या गाडीत इंजिन मध्ये आणि बॅटरी पार पुढच्या डिकीत. अल्टरनेटरची जाड केबल स्टार्टरवरून पुढे जाते आणि ती इंजिनच्या उष्णतेत, पावसाच्या पाण्यात वर्षानुवर्षं भाजत-भिजत असते. केबल काढून टोकाचं आवरण कापलं तर आत तांबं नव्हतं, हिरवी पूड होती. त्याच पिढीच्या पोर्श ९११ मध्येही हा रोग नेहमीचा आहे. तापली की केबलचा रोध वाढतो, म्हणून गरम गाडीच रुसते. नवी केबल घातली, विषय संपला. काढलेला अल्टरनेटर मात्र गॅरेजने "भंगारात गेला" म्हणून सांगितलं. चांगला अल्टरनेटर भंगारात!

दुसरी चूक ऐकली की माझं डोकंच फिरतं. "गाडी चालू ठेवून बॅटरीची वायर काढा, बंद नाही पडली तर डायनॅमो ठीक." अहो, ही अँबेसेडर-फियाटच्या काळातली परीक्षा. तेव्हा गाडीत जळण्यासारखं होतं काय? आज बॅटरी ही धरणासारखी दाब सांभाळत असते. ती अचानक काढली की अल्टरनेटरचा रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) सावरेपर्यंत व्होल्टेज उसळून कित्येक पटींनी वर जातं आणि ते झेलतात इंजिनचा कॉम्प्युटर, एअरबॅगचं मॉड्यूल, मीटरचा डिस्प्ले. एका हुशार इलेक्ट्रिशियनने माझ्यादेखत टर्मिनलला हात घातला होता. मी त्याचं मनगट धरलं. तो आजही माझ्याशी नीट बोलत नाही, चालेल.

बॅटरी पार उतरली की पुढचं बॉनेट उघडत नाही, कारण कुलूप विजेवर चालतं. लोक मग स्क्रू-ड्रायव्हर खुपसून रंग घालवतात. पायाजवळच्या फ्यूजबॉक्समध्ये ओढून बाहेर येणारं एक पॉझिटिव्ह टोक आहे, त्याला दुसऱ्या बॅटरीचं पॉझिटिव्ह जोडा, निगेटिव्ह दाराच्या लोखंडी लॅचला, आणि किल्लीवरचं बटण दाबा. अलार्म बोंबलला तर बोंबलू दे. पण त्या टोकावरून गाडी स्टार्ट करायला जाऊ नका, ते फक्त कुलपापुरतं आहे.

लाल दिव्याबरोबर स्टिअरिंगही जड झालं असेल तर बेल्ट तुटलाय. तोच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो, तेव्हा "घर जवळच आहे" म्हणत चालवू नका. तिथेच थांबा.

अल्टरनेटर काढताना बॅटरीचं निगेटिव्ह आधी सोडवा. जाड केबलवरचा पाना बॉडीला टेकला की काय होतं ते एकदा पाहिलंय, पुन्हा नको.

अल्टरनेटर जागेवरून हलत नाही म्हणून पहार घालणारेही असतात, आणि मग ॲल्युमिनियमचा कान तुटतो. तिथे बेल्टच्या रोलरचा लांब बोल्ट मागच्या बुशमध्ये गेलेला असतो. बोल्ट पूर्ण काढू नका, काही आटे सैल करा आणि डोक्यावर हातोडीने हळू ठोका. बुश मागे सरकतं, पकड सुटते. मी आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून झोपतो. यूट्यूबवर चाळीस मिनिटांत होतं, माझ्याकडे अख्खा रविवार जातो.

अल्टरनेटरमधले फक्त कार्बन (फिरत्या भागाला वीज देणारे ब्रश) घासले असतील तर कार्बन बदला. डायोड (एसी विजेची डीसी करणारा भाग) गेलाय का हे पाहायला मीटर एसीवर ठेवून इंजिन चालू असताना बॅटरीवर बघा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर संशय घ्या. असा डायोड गाडी उभी असतानाही बॅटरी रात्रभर पितो.

आणि नवा अल्टरनेटर बसवला की लगेच एक्स्प्रेसवे गाठू नका. रिकामी बॅटरी भरणं हे त्याचं काम नाही, तापून नवाच जळतो. बॅटरी आधी रात्रभर चार्जरवर. सकाळी इंजिन बंद असताना १२.६ दिसले की मगच मी किल्ली फिरवतो.