मॉक लावला होता, तरी एसएमएस गेला

नोव्हेंबर महिना. आंबिया बहाराचा संत्रा नागपूरच्या कळमना बाजारात उतरत होता आणि इकडे आमच्या पावत्यांच्या सॉफ्टवेअरची माझी टेस्ट हिरवीगार, म्हणजे पास. तेवढ्यात आमच्या एका गिऱ्हाईक आडत्याचा फोन आला: "काहून भाऊ, एक क्विंटल संत्रा एक रुपयात विकल्याचा मेसेज पाठवून राहिले?"

एसएमएस पाठवणाऱ्या क्लासचा मॉक, म्हणजे टेस्टपुरता खोटा तोतया, मी केला होता. पण पावतीचा क्लास आतल्या आत 'न्यू' लिहून स्वतःच खरा पाठवणारा बनवत होता. माझा मॉक दारातच ताटकळत राहिला.

तेव्हापासून मॉक बिघडला की पहिला प्रश्न एकच: ही वस्तू बनवली कोणी? जावा आणि मॉकिटो (मॉक बनवायची लायब्ररी) वापरत असाल तर संशयाच्या ओळीवर प्रोग्राम थांबवणारा ब्रेकपॉइंट लावा आणि ती वस्तू छापून बघा. मॉक असेल तर सहसा 'मॉक फॉर' आणि पुढे क्लासचं नाव दिसतं. ते दिसलं नाही, तर तुमचा मॉक आत पोचलेलाच नाही.

उपाय: ती वस्तू कन्स्ट्रक्टरमधून (क्लासची वस्तू बनताना चालणारा कोड) मागा, फील्ड 'फायनल' ठेवा आणि टेस्टमध्ये 'न्यू' लिहून मॉक स्वतःच्या हाताने द्या. मॉक आपोआप आत घालणारं मॉकिटोचं 'इंजेक्टमॉक्स' मी वापरणं सोडलं. ते सगळ्यात मोठा कन्स्ट्रक्टर निवडतं, एखाद्या जागेसाठी मॉक सापडला नाही तर गुपचूप नल (म्हणजे काहीच नाही) देतं, आणि वर चकार शब्द काढत नाही. हाताने लिहिलं तर तीच चूक कंपायलर पकडतो.

मॉक पोचला, तरी नल येतंय? मग स्टब करताना (मॉकने काय उत्तर द्यायचं ते ठरवताना) दिलेले आणि प्रत्यक्ष आलेले आर्ग्युमेंट जुळवून बघा. आमच्या 'वाण' क्लासला दोन वस्तू सारख्या का हे ठरवणारं 'इक्वल्स' नव्हतं, त्यामुळे दोन सारखे संत्रे मॉकिटोच्या लेखी वेगळे. जेयुनिट ५ या टेस्ट चालवणाऱ्या लायब्ररीमध्ये मॉकिटो एक्स्टेन्शन लावलं की असा बेमेळ ते स्वतःच ओरडून सांगतं. आणि एका आर्ग्युमेंटला 'एनी' (काहीही चालेल सांगणारा मॅचर) दिलं, तर बाकीच्यांनाही मॅचर द्यावा लागतो.

स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कच्या टेस्टमध्ये साधा 'मॉक' कंटेक्स्टमध्ये, म्हणजे स्प्रिंग आपल्या वस्तू ठेवतं तिथे, जात नाही. ३.४ पासून तिथे 'मॉकबीन'ऐवजी 'मॉकिटोबीन' लिहा.

एक टेस्ट मात्र फक्त मध्यरात्रीनंतर लाल, म्हणजे नापास, व्हायची. टेस्ट चालवणारा बिल्ड सर्व्हर यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे), म्हणजे पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्या हिशेबी कालचीच तारीख! आजची तारीख देणाऱ्या 'लोकलडेट डॉट नाऊ'ला थेट हाक मारू नका. जावा ८ पासून 'क्लॉक' आहे, तो कन्स्ट्रक्टरमधून द्या आणि टेस्टमध्ये वेळ गोठवणारं 'क्लॉक डॉट फिक्स्ड' ठेवा.

आता टेस्टच्या सेटिंगमध्ये एसएमएस सेवेचा पत्ताच खोटा आहे. पुन्हा कुठे 'न्यू' शिरला, तर टेस्ट धाडकन लाल होईल, आडत्याचा फोन वाजणार नाही.