पावसाळ्यात माळरानावर हरणांचा माग कसा काढावा

हा लेख दुर्बीण किंवा कॅमेरा घेऊन निघणाऱ्यांसाठी आहे, बंदूक घेऊन निघणाऱ्यांसाठी नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत काळवीट आणि चिंकारा हे दोन्ही प्राणी आहेत. त्यांच्या शिकारीला तीन ते सात वर्षांचा कारावास आणि किमान २५ हजार रुपयांचा दंड आहे. फासे लावणे, आमिष दाखवणे, हाकून नेणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, हे सारे कायद्याच्या व्याख्येनुसार शिकारच ठरते. माग काढण्याची विद्या मात्र जुनी आहे आणि निरीक्षणासाठी ती तितकीच उपयोगी पडते.

मराठवाड्यात सरसकट ज्याला हरीण म्हणतात, ते बहुधा काळवीट असते. शास्त्राच्या हिशेबात ते खरे हरीण नसून कुरंग आहे, कारण त्याची शिंगे दरवर्षी गळून पडत नाहीत. वैजापूर तालुक्यातील शिवारांत, तसेच बीड आणि लातूरकडील माळांवर त्याचे कळप दिसतात. त्याची सारी भिस्त नजरेवर आणि वेगावर असते. म्हणून ‘पावसाने पाचोळा भिजला की पावलांचा आवाज होत नाही, तेव्हा जवळ जाता येते’ हा सल्ला गौताळा अभयारण्यासारख्या झाडीत भेकराच्या मागावर असताना खरा ठरतो, पण उघड्या माळावर त्याचा फारसा उपयोग नाही. तिथे तुमचा आवाज पोहोचण्याच्या कितीतरी आधी तुमची आकृती कळपाला दिसलेली असते.

पावसाळ्यात हरणे शोधताना पहिल्यांदा जमीन पाहावी. काळी रेगूर माती भिजली की चिकट होते, हरणाचे अरुंद, टोकदार खूर तिच्यात रुततात आणि ज्या वेगावर त्याचा जीव अवलंबून आहे तो वेगच नाहीसा होतो. त्यामुळे दोन-तीन दिवसांची झड लागली की कळप सखल रानातून उठून मुरमाड बरडावर, गायरानावर किंवा पाणी न साचणाऱ्या उंचवट्यावर जातात. नुकते उगवलेले सोयाबीन आणि मूग त्यांना खाली ओढत असतात, म्हणून उघडीप पडून वाफसा झाला, म्हणजे माती पुरेशी सुकली, की तेच कळप पुन्हा पिकांच्या कडेला येतात. तेव्हा आदल्या रात्री किती पाऊस झाला, हे विचारल्याशिवाय निघूच नये. ते सांगणारा उत्तम माणूस म्हणजे पिकाच्या राखणीला बसलेला शेतकरी. त्याला रामराम घालून, आपण कोण आणि कशासाठी आलो हे सांगून मगच बांध ओलांडावा. हरणांनी ज्याचे कोवळे पीक खाल्ले आहे, त्याच्यापुढे हरणाच्या सौंदर्याचे कौतुक करू नये, एवढे तारतम्य आपल्याला असावे.

ठसे वाचण्यासाठी पावसाळ्याइतका चांगला काळ नाही. ठशाच्या आत आणि कडांवर थेंबांचे बारीक खळगे पडलेले असतील, तर जनावर पावसाआधी गेले. कडा धारदार आणि तळ गुळगुळीत असेल, तर पाऊस थांबल्यावर गेले. म्हणून सर केव्हा थांबली ती वेळ वहीत टिपून ठेवावी, म्हणजे मागाचे वय त्यावरून काढता येते. शेळीचा ठसा हरणाच्या ठशापेक्षा बोथट असतो आणि रोह्याचा, म्हणजे नीलगाईचा, बराच मोठा. मऊ चिखलात खूर फाकतो आणि ठसा मुळापेक्षा मोठा दिसतो, त्यामुळे एकाच ठशावरून जनावराचा आकार ठरवू नये. चार-पाच ठसे पाहावेत, शक्य तर मुरमाच्या कडेचे. नर आपल्या हद्दीत ठरावीक जागी लेंड्या टाकतो. अशा जागी ताज्या, चकाकणाऱ्या लेंड्या दिसल्या, तर दूर जाण्याऐवजी तिथूनच दुर्बिणीने आसपास शोध घ्यावा.

पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतो. त्यामुळे सकाळी पूर्वेच्या बाजूने माळात शिरले, तर वारा तोंडावर राहतो, आपला वास मागे जातो आणि उघडीप असेल तर प्रकाशही पाठीमागून मिळतो. उन्हाळ्यात हरणे सकाळ-संध्याकाळी चरतात आणि दुपारी सावली धरतात. ढगाळ, गार दिवशी मात्र ती भर दुपारीही चरताना दिसतात. बुरबुर पावसाची त्यांना फिकीर नसते. जोराच्या सरीत ती पावसाकडे पाठ करून उभी राहतात आणि सर ओसरली की अंग झाडून पुन्हा चरू लागतात. ही सर ओसरण्याची वेळ साधण्यासाठी आधीच जागेवर जाऊन, तरवडाच्या किंवा बोरीच्या झुडपाआड बसून राहावे.

भडक रंगाचा, सळसळणारा रेनकोट आणि एकदम उघडणारी छत्री हे दोन्ही घरी ठेवावे. माझ्या मते मेंढपाळाची घोंगडी किंवा पोत्याची खोळ अधिक चांगली, कारण तशी आकृती कळपाच्या रोजच्या पाहण्यातली असते. दुर्बीण ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची, पुरते. वाळलेले सुती फडके मात्र दोन घ्यावीत, कारण पहिले हमखास भिजते.

कळपाने चरणे थांबवून माना वर केल्या की तिथेच थांबावे. काळ्या रानात उभ्या असलेल्या कळपाच्या जवळ तर मुळीच जाऊ नये. चिखलात धावताना हरीण थकते, रुतते आणि मोकाट कुत्री त्याला सहज गाठतात. गवतात एकटे बसलेले पाडस अनाथ नसते, आईनेच त्याला लपवून ठेवलेले असते, म्हणून त्याला हात लावू नये. जनावर जखमी असेल किंवा कुठे फासा आढळला, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

विजेच्या बाबतीत हयगय नको. जूनच्या आरंभीचा आणि परतीचा पाऊस मराठवाड्यात विजा घेऊन येतो आणि सपाट माळावर सर्वांत उंच वस्तू आपणच असतो. पहिला गडगडाट ऐकताच निरीक्षण सोडून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जावे, एकट्या झाडाखाली थांबू नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. गाडी मात्र आधीपासूनच डांबरी रस्त्यावर लावलेली असावी, कारण काळ्या मातीच्या पाणंदीत रुतलेली गाडी बाहेर काढायला ट्रॅक्टरच बोलवावा लागतो.