खेळणं घेताना खोका उलटा करून बघा
कोल्हापुरात महाद्वार रोडच्या बाजारात गेलं की पोरं खेळण्यासाठी हट्ट धरणारच. घ्या की, पण आधी खोका बघा. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. नुसत्या चिन्हावर विसंबू नका, ते कुणीही छापू शकतं. त्याखालचा ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक, हे चिन्ह देणाऱ्या भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाका. परवाना खरा असेल तर कंपनीचं नाव दिसतं. बाळाला दात येत असतील तर जास्तच जपा, कारण हाताला लागेल ते तोंडात जातं. प्लास्टिक मऊ करायला थॅलेट नावाची रसायनं वापरतात, स्वस्त रंगात शिसं असू शकतं आणि शिशाने मेंदूची वाढ बिघडते. उग्र वास येणारं, रंग बोटाला लागणारं खेळणं सरळ दुकानदाराला परत द्या.