जुना लॅपटॉप दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी

नवा लॅपटॉप घेतल्यावर जुना एखाद्या विद्यार्थ्याला, नातलगाला किंवा संस्थेला द्यायचे ठरते, तेव्हा बहुतेक जण आपले फोल्डर निवडून डिलीट करतात, रिसायकल बिन रिकामा करतात आणि काम झाले असे समजतात. ते झालेले नसते. फाइल डिलीट केली की संगणक आपल्या नोंदवहीतली तिची ओळ खोडतो आणि ती जागा मोकळी झाली असे धरतो. हार्ड डिस्क असेल तर त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मूळ मजकूर जसाच्या तसा तिथे असतो. क्विक फॉरमॅटनेही यात फारसा फरक पडत नाही, कारण त्यात नोंदवही नवी होते, पण पाने जुनीच राहतात.

हे मला वाचून माहीत होते, तरी पटले ते डोळ्यांनी पाहिल्यावर. घरातला एक लॅपटॉप फॉरमॅट करून देण्यासाठी बाजूला ठेवला होता. शंका आली म्हणून त्यावर डिलीट झालेल्या फाइली शोधून परत आणणारे फोटोरेक हे मोफत साधन चालवून पाहिले आणि फाइलींची रांग लागली. मूळ नावे गेलेली होती, ‘एफ’ या अक्षरापुढे नुसते आकडे होते. पण उघडल्यावर त्यांत पासपोर्टची स्कॅन केलेली प्रत होती, आईचे वैद्यकीय अहवाल होते आणि इतरांनी विश्वासाने पाठवलेली छायाचित्रे होती. लॅपटॉपमध्ये आपल्याइतकीच दुसऱ्यांचीही माहिती असते, ही गोष्ट त्या दिवशी माझ्या मनावर पक्की बसली. सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलाट या संशोधकांनी १५८ वापरलेल्या डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालू असलेल्या १२९ डिस्कपैकी नीट पुसलेल्या केवळ १२ होत्या.

या कामात साधनापेक्षा क्रम महत्त्वाचा आहे. आधी प्रत घ्यावी, मग खात्यांतून बाहेर पडावे, मग डिस्क पुसावी आणि शेवटी ती खरोखर पुसली गेली का ते पाहावे.

प्रत घेताना डॉक्युमेंट्स आणि फोटो यांची आठवण सर्वांनाच राहते. विसरतात ते डेस्कटॉप आणि डाउनलोड्स, ब्राउझरमधले बुकमार्क व साठवलेले पासवर्ड, ईमेलच्या प्रोग्रामने संगणकातच ठेवलेला जुना पत्रव्यवहार आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरने स्वतःच्या फोल्डरात ठेवलेली माहिती. काही संकेतस्थळांवर पासवर्डऐवजी पासकी, म्हणजे उपकरणातच साठवलेली प्रवेशाची किल्ली, वापरली असेल आणि ती याच लॅपटॉपच्या विंडोज हॅलोमध्ये (चेहरा, बोटाचा ठसा किंवा पिनने ओळख पटवणाऱ्या सोयीत) असेल, तर लॅपटॉप पुसताच ती कायमची जाऊ शकते. म्हणून त्या प्रत्येक ठिकाणी नव्या उपकरणावरून प्रवेश करता येतो ना, हे आधी पाहावे. प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतल्यानंतर ती दुसऱ्या संगणकाला जोडून चार-पाच फाइली प्रत्यक्ष उघडून बघाव्यात. नुसती नावे दिसली म्हणून समाधान मानू नये.

इथे एक धोका आवर्जून सांगतो. वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउड चालू असताना त्यांच्या फोल्डरातल्या फाइली हाताने डिलीट केल्या, तर त्या क्लाउडमधूनही जातात आणि तुमच्या नव्या लॅपटॉपवरूनही नाहीशा होतात. त्यामुळे पुसण्याच्या तयारीत हाताने एकही फाइल डिलीट करू नये, हे उत्तम. आधी या सेवांतून साइन आउट करावे. बाकीचे काम पुढची पायरी करणारच आहे.

साइन आउट करताना ब्राउझरचे सिंक बंद करावे, फोनवरून व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंक केलेल्या उपकरणांच्या यादीतून हा लॅपटॉप काढावा आणि ज्या सॉफ्टवेअरचा परवाना मोजक्याच संगणकांपुरता असतो, ते या संगणकावर निष्क्रिय करावे. मॅक असेल तर ‘फाइंड माय’ ही हरवलेले उपकरण शोधण्याची सोय बंद केल्याची दोनदा खात्री करावी. ते चालू राहिले, तर अ‍ॅक्टिव्हेशन लॉक असलेल्या मॅकवर नव्या माणसाला तुमच्या खात्याच्या पासवर्डाशिवाय पुढे जाता येत नाही. बायोसला, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रणालीला, पासवर्ड दिला असेल, तर तोही आताच काढून टाकावा.

आता मुख्य काम. लॅपटॉपमध्ये फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आहे की चिपांवर माहिती साठवणारी एसएसडी, हे आधी पाहावे, कारण दोन्हींची पुसण्याची रीत वेगळी आहे. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’ या भागात डिस्कवर क्लिक केले की तिचा प्रकार दिसतो.

हार्ड डिस्कवर जुन्या मजकुराच्या जागी नवे काही लिहिले की जुने जाते. यासाठी पस्तीस वेळा लिहावे लागते, असा समज अजूनही कानावर येतो. त्याचे मूळ पीटर गटमन यांच्या १९९६ च्या एका निबंधात आहे. पण त्या काळच्या निरनिराळ्या डिस्क-तंत्रांचा विचार करून त्या फेऱ्या सुचवलेल्या होत्या आणि आधुनिक डिस्कसाठी त्या सर्व करण्यात अर्थ नाही, हे त्यांनीच नंतर स्पष्ट केले. संपूर्ण डिस्कवर एकदा लिहिणे घरगुती वापरासाठी पुरेसे आहे. एका सेकंदाला १०० एमबी या वेगाने १ टीबीच्या डिस्कला जवळजवळ पावणेतीन तास लागतात, तेव्हा चार्जर जोडून आणि हाताशी वेळ ठेवूनच सुरुवात करावी.

एसएसडीचे तसे नसते. तिच्या चिपा झिजू नयेत म्हणून तिचा कंट्रोलर, म्हणजे तिच्यातलीच नियंत्रक चिप, प्रत्येक नवे लेखन वेगवेगळ्या जागी वाटून टाकतो, शिवाय काही जागा राखीव असते आणि ती आपल्याला दिसतच नाही. त्यामुळे वरून कितीही वेळा लिहिले तरी जुना प्रत्येक तुकडा झाकला गेला, असे म्हणता येत नाही. इथे दोन मार्ग भरवशाचे आहेत. डिस्कच्या उत्पादकाच्या प्रोग्राममध्ये किंवा काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये ‘सिक्युअर इरेज’ असे कलम असते. ते कंट्रोलरलाच सगळे पुसण्याची आज्ञा देते. दुसरा मार्ग म्हणजे आधी संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करणे, म्हणजे तिच्यावरची माहिती सांकेतिक रूपात बदलणे, आणि मग ती पुसणे. त्यानंतर एखादा तुकडा कुठे उरला, तरी किल्लीशिवाय तो वाचता येत नाही. मला हा दुसरा मार्ग सामान्य माणसासाठी अधिक सोयीचा वाटतो, आणि हार्ड डिस्कसाठीही तो चालतो.

विंडोजमध्ये बिटलॉकर हे एन्क्रिप्ट करण्याचे साधन चालू करताना एक प्रश्न विचारला जातो: फक्त वापरलेली जागा एन्क्रिप्ट करायची की पूर्ण ड्राइव्ह? पूर्ण ड्राइव्हच निवडावी, कारण पूर्वी डिलीट केलेल्या फाइली नेमक्या त्या ‘न वापरलेल्या’ जागेत पडून असतात. हे पूर्ण झाल्यावर सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी या वाटेने ‘रीसेट धिस पीसी’ उघडावे आणि ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडावे. लगेच पुढे जाऊ नये. ‘चेंज सेटिंग्ज’ मध्ये जाऊन ‘क्लीन डेटा’ चालू करावे, आणि सर्व ड्राइव्हवरच्या फाइली काढण्याचा पर्याय दिसल्यास तोही चालू करावा. हा दुसरा पर्याय तसाच राहिला, तर सी ड्राइव्ह पुसली जाते आणि वर्षानुवर्षांचे फोटो ज्या डी ड्राइव्हवर ठेवलेले असतात, ती तशीच नव्या माणसाकडे जाते. काम संपल्यावर मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन उपकरणांच्या यादीतून लॅपटॉप आणि त्याची साठवलेली रिकव्हरी की (बिटलॉकर उघडण्याची किल्ली), दोन्ही काढून टाकावे.

अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या किंवा टी२ ही सुरक्षा चिप असलेल्या, आणि मॅकओएस मॉन्टेरे वा त्यापुढची आवृत्ती असलेल्या मॅकवर हे सर्व सोपे आहे. डिस्क मुळातच एन्क्रिप्ट केलेली असते, आणि ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ हा पर्याय तिची किल्लीच नष्ट करतो. त्याहून जुन्या मॅकवर आधी फाइलव्हॉल्ट (मॅकचे एन्क्रिप्ट करण्याचे साधन) चालू करून ते काम पूर्ण होऊ द्यावे, मग सुरू होताना कमांड आणि आर या कळा दाबून ठेवून रिकव्हरीत जावे, डिस्क युटिलिटीतून डिस्क पुसावी आणि प्रणाली नव्याने टाकावी.

लॅपटॉप सुरूच होत नसेल, तर पुसण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. बंद लॅपटॉपची डिस्कही बाहेर काढून दुसऱ्या संगणकावर वाचता येते. अशा वेळी डिस्क काढून स्वतःकडे ठेवावी आणि लॅपटॉप तिच्याविना द्यावा. डिस्क मदरबोर्डवरच कायमची जोडलेली असेल आणि काढता येत नसेल, तर तो कुणाला देऊच नये, असे माझे मत आहे. बॅटरी फुगलेली दिसली, तर उघडण्याच्या भानगडीत स्वतः पडू नये.

शेवटी पडताळणी. नव्याने सुरू केल्यावर भाषा आणि प्रदेश विचारणारा पहिला पडदा आला पाहिजे. जुने नाव किंवा जुना फोटो कुठेही दिसता कामा नये. हार्ड डिस्क असेल, तर मी वर सांगितलेले फोटोरेक पेन ड्राइव्हवरून चालवून घटकाभर पाहतो आणि आपली एकही फाइल वर येत नाही, याची खात्री करून घेतो. मेमरी कार्डाची खाच, सीडीचा कप्पा आणि यूएसबीची तोंडे तपासावीत, कारण डिस्क इतक्या कष्टाने पुसूनही खाचेत राहिलेल्या कार्डावर सगळा प्रवास साठवलेला असू शकतो. पहिल्या पडद्यावर आपण काहीही भरू नये. पॉवरचे बटण दाबून लॅपटॉप तिथेच बंद करावा आणि चार्जरसह द्यावा.