छाटणीच्या तोंडावर पंपाखाली पेट्रोल? आधी कॉक बघा

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी जवळ आली. फुटी निघाल्या आणि वर ढगाळ हवा, पाऊस असला की डावणीची (द्राक्षावरचा बुरशीरोग) फवारणी उद्यावर टाकता येत नाही. नेमकं त्याच सकाळी एचटीपी पंपाच्या (जास्त दाबाचा फवारणी पंप) इंजिनाखाली पेट्रोल सांडलेलं दिसतं. नाशिकच्या निफाड-दिंडोरी पट्ट्यात या एका हलगर्जीपणानं हातचे घड गेलेले पाहिलेत: काम संपलं, मशीन शेडमध्ये लावलं, पण कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची तोटी, उघडाच!

कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणाऱ्या सुईखाली कचरा अडकला असेल, तर उघड्या कॉकमधून पेट्रोल रात्रभर उतरत राहतं. बाहेर सांडलं तर निदान दिसतं. सिलिंडरमधून ऑइलमध्ये गेलं तर कळत नाही. म्हणून दोरी ओढण्याआधी डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढा. पातळी वाढलेली आणि ऑइलला पेट्रोलचा वास, म्हणजे इंजिन चालू करायचंच नाही. आधी गळती बंद करा, मग ऑइल बदला. तसंच चालवलं तर इंजिन सीझ होतं, म्हणजे जाम होतं.

गळती शोधायला इंजिन थंड हवं, जवळ विडी-काडी नको. सगळं कोरडं पुसा, कॉक उघडा, दहा मिनिटं नुसतं बघत बसा. एअर फिल्टरमधून थेंब आला तर दोष सुईचा किंवा ती सुई वर-खाली करणाऱ्या तरंगत्या फ्लोटचा. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीच्या कडेनं ओल आली तर गॅस्केटचा (सांध्यातलं पॅकिंग). पाइपाच्या टोकाशी ओल दिसली तर पाइप कडक झालाय. आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. जुनं रबर त्यानं लवकर खराब होतं आणि पावसाळ्यात हे पेट्रोल हवेतलं पाणीही ओढतं. पाइप दर दोन पावसाळ्यांनी बदलावा, हा माझा अनुभवाचा हिशोब, पुस्तकातला नाही. पाइप पेट्रोलचाच घ्या, ठिबकची नळी चालत नाही.

दुकानदार लगेच "अख्खा कार्बोरेटर बदला" म्हणेल. आधी सुई, गॅस्केट मागा. बहुतेक वेळा तेवढ्यात भागतं. टाकीत ओतायच्या महागड्या बाटल्यांनी गळती थांबत नाही.

बाकी नेहमीचं:
- ऑइल १०डब्ल्यू-३०, दर १०० तासांनी
- प्लग गॅप ०.७ ते ०.८ मिमी
- एअर फिल्टर साफ
- महिनाभर मशीन उभं राहणार असेल तर टाकी आणि वाटी रिकामी

ही तपासणी छाटणीआधीच उरका. कॉक बंद करूनही थेंब येत असेल तर कॉकच बदला, त्यावर एम-सील लावून हंगाम काढू नका.